वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल नेमका कुठे लागला?

प्रश्न : शाळेत शिकलो की साराटोगा ही कलाटणी देणारी लढाई. पण ब्रिटिश फौजेने हत्यारे टाकली ती यॉर्कटाउनला. १७७५ ते १७८३ या युद्धातली सर्वांत महत्त्वाची लढाई कोणती मानायची? एकच नाव सांगा, ‘दोन्ही आपापल्या जागी महत्त्वाच्या’ असे उत्तर नको.
– एक वाचक, पुणे

उत्तर : एकच नाव हवे तर चेसापीक. ५ सप्टेंबर १७८१ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यासमोर फ्रेंच आणि ब्रिटिश आरमारांत झालेली, जेमतेम अडीच तासांची लढाई. तिथे अमेरिकनांची एकही पलटण नव्हती, कोणी कोणाचे जहाज पकडले नाही आणि आरमारी हिशेबाने ती जवळजवळ बरोबरीतच सुटली. म्हणूनच पाठ्यपुस्तकांत तिला एखादी ओळ मिळते.

आमचा कौल तिच्या बाजूने का, ते ब्रिटिशांच्या लढण्याच्या पद्धतीकडे पाहिले की उमगते. या युद्धात ब्रिटिश फौज अडचणीत आली की समुद्रावाटे निघून जाई. मार्च १७७६ मध्ये बोस्टनवर वॉशिंग्टनच्या तोफा रोखल्या गेल्या, तेव्हा जनरल हाऊ सगळी फौज जहाजांत भरून निघून गेला आणि त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्कला उतरला. १७७७ मध्ये फिलाडेल्फिया घ्यायलाही तो समुद्रमार्गेच गेला. म्हणजे फौज हरवून भागत नव्हते, तिचा पाठीमागचा दरवाजा बंद करावा लागत होता. साराटोगाला ब्रिटिश जनरल बर्गॉइनची फौज किनाऱ्यापासून लांब जंगलात अडकली, म्हणून ती सापडली. यॉर्कटाउनला ब्रिटिश जनरल कॉर्नवॉलिस मात्र चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या, खोल पाण्याच्या नदीकाठी बसला होता. तिथला दरवाजा एक आरमारच लावू शकत होते.

साराटोगाचे श्रेय आम्ही नाकारत नाही. जून १७७७ मध्ये बर्गॉइन सुमारे ८,००० माणसे आणि जड तोफखाना घेऊन कॅनडातून निघाला. टिकॉन्डरोगाचा किल्ला त्याला फार न लढता मिळाला आणि तिथेच तो चुकला. पुढे तलावाची सोपी वाट सोडून त्याने जंगलातला रस्ता धरला. अमेरिकन सेनापती शायलरने हजारभर कुऱ्हाडवाले लावून रस्त्यावर झाडे आडवी पाडली, पूल मोडले, ओढे तुंबवून रस्त्यात पाणी सोडले. जेमतेम ३७ किलोमीटरला तीन आठवडे गेले. तोवर रसद संपत आली. ती मिळवायला बेनिंग्टनकडे पाठवलेल्या तुकड्यांची १६ ऑगस्टला वाताहत होऊन एका दिवसात सुमारे ९०० माणसे गेली. दक्षिणेकडून हाऊने येऊन मिळावे अशी बर्गॉइनची अपेक्षा होती, पण हाऊ फिलाडेल्फियाला निघून गेला होता, कारण दोघांना बांधणारा एक हुकूम लंडनहून कधी नीट सुटलाच नाही. १९ सप्टेंबर आणि ७ ऑक्टोबरच्या दोन चकमकींनंतर १७ ऑक्टोबरला सुमारे ५,८०० जणांनी हत्यारे खाली ठेवली. पुढे ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला.

पण त्या तहाचे पुढे साडेतीन वर्षे काय झाले? १७७८ मध्ये न्यूपोर्टवरची संयुक्त मोहीम वादळाने आणि आपापसांतल्या रागलोभाने फसली. १७७९ मध्ये सव्हानाचा हल्ला रक्तबंबाळ होऊन परतला. मे १७८० मध्ये चार्ल्स्टन पडले आणि सुमारे ५,००० अमेरिकन कैद झाले. साराटोगाने हुंडी लिहून दिली खरी, ती वटली चेसापीकला. शिवाय फ्रान्स साराटोगाच्या आधीपासूनच चोरून बंदुका आणि दारू पाठवत होता, त्या मालावरच साराटोगाला अमेरिकन सेनापती गेट्सची फौज लढली. तेव्हा ‘साराटोगा नसती तर फ्रान्स आलाच नसता’ हे विधान वाटते तितके पक्के नाही.

चेसापीकपर्यंतची साखळी किती नाजूक होती तेही पाहा. फ्रेंच आरमारप्रमुख दे ग्रास वेस्ट इंडीजमधून निघतो आहे, चेसापीकच्या उपसागरातच येणार आहे आणि १५ ऑक्टोबरपर्यंतच थांबणार आहे, हे पत्र वॉशिंग्टनला १४ ऑगस्टला मिळाले. तोवर त्याच्या डोक्यात न्यू यॉर्क घेण्याचाच बेत होता. पाच दिवसांत बेत बदलून तो आणि फ्रेंच सेनापती रोशँबो दक्षिणेला निघाले. न्यू यॉर्कमधल्या ब्रिटिश सेनापती क्लिंटनला सुगावा लागू नये म्हणून न्यू जर्सीत चॅटमला पाव भाजायच्या मोठ्या भट्ट्या बांधल्या, म्हणजे फौज इथेच मुक्काम करून स्टेटन बेटावर उतरणार असा समज व्हावा. क्लिंटनला खरा बेत कळला तेव्हा फौज फिलाडेल्फियाजवळ पोचली होती. वाटेत अमेरिकन शिपाई पगारासाठी अडले. रोशँबोने आपल्या खजिन्यातून नाणी उसनी दिली आणि कित्येकांना पहिल्यांदाच कागदी नोटांऐवजी खणखणीत पगार मिळाला. दे ग्रासनेही हवानाहून १२ लाख लिव्ह्र (फ्रेंच चलन), सेंट डॉमिंगोहून ३,००० च्या वर पायदळ आणि लढाऊ रांगेतली २८ मोठी जहाजे आणली. आता मोजा : पत्र पंधरा दिवस उशिरा आले असते, किंवा पगार झाला नसता, तर पुढचे सगळे अडले असते.

प्रश्न : वरची लढाई बरोबरीत सुटली म्हणता. फ्रेंच जहाजे उपसागरात नांगर टाकून होती, ब्रिटिश वाऱ्यासोबत येत होते. मग ब्रिटिशांनी त्यांना तोंडाशीच का गाठले नाही?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आरमारी इतिहासकार यावर अजून भांडतात आणि दोष वाटायचा तर तो एकट्याच्या माथी मारता येत नाही.

आधी थोडी मागची गोष्ट. ब्रिटिश ॲडमिरल हूड १४ जहाजे घेऊन वेस्ट इंडीजहून दे ग्रासच्या मागोमाग निघाला होता. दे ग्रास ५ ऑगस्टला निघाला आणि नजरेस पडू नये म्हणून क्यूबाच्या उत्तरेकडची आडवाट धरून गेला. हूड १० तारखेला निघाला, पण त्याची जहाजे तळाला तांब्याचे पत्रे मारलेली, सरळ वाटेने जाणारी. तो २५ ऑगस्टला चेसापीकशी पोचला, उपसागर रिकामा पाहिला आणि न्यू यॉर्ककडे निघून गेला. पाचच दिवसांनी दे ग्रास आत शिरला. वेग जास्त असल्यामुळे चुकामूक झाली.

न्यू यॉर्कला हूडहून ज्येष्ठ ॲडमिरल ग्रेव्ह्जने सूत्रे घेतली. त्याची स्वतःची पाचच जहाजे लढायला तयार होती. एकूण १९ झाली. ५ सप्टेंबरला सकाळी ती आली तेव्हा वारा ईशान्येकडून होता, म्हणजे ब्रिटिशांच्या पाठीशी. फ्रेंचांचे १,००० हून अधिक खलाशी आणि अधिकारी पाणी, लाकूड आणायला आणि पायदळ उतरवायला होड्या घेऊन गेलेले. दुपारी ओहोटी लागेपर्यंत त्यांना हलताच येईना. मग नांगराचे दोर सोडून, जागेच्या खुणेला तरंगते पिंप बांधून २४ जहाजे बाहेर पडली, तीही धड रांगेत नाही. आघाडीची पुढे निघून गेली, मधली बरीच मागे राहिली. काही जहाजांवर वरच्या मजल्यावरच्या तोफांना माणसे पुरेनात.

त्या वेळी ग्रेव्ह्जने आघाडीवर झडप घातली असती तर? नाही घातली. ब्रिटिश लढाऊ नियमांत एकामागे एक रांग हाच धर्म होता. तो पश्चिमेकडे जात असताना पुढे ‘मिडल ग्राउंड’ ही उथळ वाळूची पट्टी आली, तेव्हा दोनच्या सुमारास त्याने सगळी जहाजे एकदम वळवून तोंड पूर्वेला केले. त्यामुळे रांग उलटी झाली. लढाऊ वृत्तीचा हूड आघाडीला होता, तो पिछाडीला गेला. पिछाडीची ड्रेकची जीर्ण जहाजे आघाडीला आली. वर ग्रेव्ह्ज फ्रेंच मध्यभाग समोर येईपर्यंत थांबला, म्हणजे शत्रूला रांग सावरायला त्यानेच वेळ दिला.

चारनंतर तो तिरक्या रांगेने फ्रेंचांवर चालून गेला. तिरक्या रांगेत आघाडी आधी भिडते, पिछाडी लांबच राहते. आणि मुख्य घोळ बावट्यांचा. ग्रेव्ह्जच्या जहाजावर एकाच वेळी दोन निशाणे होती : ‘रांग धरा’ आणि ‘जवळ जाऊन भिडा’. नियमाने रांगेचे निशाण वरचढ. हूडने रांग धरली आणि त्याच्या सात जहाजांपैकी बहुतेकांना तोफा वापरायची वेळच आली नाही. त्याच्या म्हणण्यानुसार रांगेचे निशाण साडेपाचच्या सुमारास उतरले; साडेसहाला अंधार पडला. दुसऱ्या दिवशी ग्रेव्ह्जने लेखी फर्मान काढले की रांगेच्या निशाणाने लढाईचे निशाण रद्द समजू नये. ते आदल्या दिवशी सकाळी हवे होते. ब्रिटिशांचे ९० ठार आणि २४६ जखमी, फ्रेंचांचे सगळे मिळून सुमारे २२०. ब्रिटिशांच्या आघाडीची शीडे आणि डोलकाठ्या मात्र चांगल्याच मोडल्या. ‘टेरिबल’ जहाज आधीच गळके होते, ते ११ सप्टेंबरला त्यांनी स्वतःच जाळून बुडवले.

आमच्या मते खरी घोडचूक ५ तारखेची नव्हे, पुढच्या चार दिवसांची आहे. दोन्ही आरमारे एकमेकांवर नजर ठेवत दक्षिणेला वाहत गेली. मागे उपसागर मोकळा होता. आधी आत शिरून नांगर टाकावा असे हूड सुचवत होता. ते झाले नाही. तेवढ्यात न्यूपोर्टहून फ्रेंच आरमारी अधिकारी बारासची ८ जहाजे वेढ्याच्या जड तोफा घेऊन गुपचूप आत शिरली. दे ग्रासही परतला. एकूण ३६ झाली. १३ तारखेला ग्रेव्ह्जने सल्लामसलत केली आणि न्यू यॉर्कला तोंड वळवले.

प्रश्न : आपल्याकडे किल्ले महिनोन्‌महिने लढले. कॉर्नवॉलिसकडे ७,००० हून अधिक कवायती फौज असून तो तीन आठवड्यांत कसा वाकला? वेढ्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यॉर्कटाउनला कडा नव्हता की तासलेला कातळ नव्हता. वाळूमिश्रित मातीचे घाईने केलेले तट होते आणि पाठीशी नदी. वेढा घालणारे १७,००० च्या आसपास आणि वेढ्याचे शास्त्र कोळून प्यालेले फ्रेंच इंजिनिअर. अशा जागेला लागणारे दिवस ते कागदावर मोजू शकत.

काम असे चाले. आधी टोपल्या : फांद्या विणून केलेल्या, कमरेइतक्या उंचीच्या, बिनबुडाच्या. शिवाय काटक्यांच्या लांब मोळ्या. हे सामान जंगलात आधी आठवडाभर तयार करून ठेवले. ६ ऑक्टोबरच्या पावसाळी रात्री इंजिनिअरांनी तटापासून सुमारे ५५० मीटरवर पाइनच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीवर टाकून रेघ आखली, कारण काळोखात पांढरेच दिसते. मग सुमारे १,५०० माणसे खणायला आणि २,८०० संरक्षणाला. टोपल्या उभ्या करायच्या, खणलेली माती त्यांत टाकायची, की पुढे भिंत आणि मागे चर एकाच वेळी तयार. भिजलेल्या मातीत फावड्याचा आवाज होत नाही, हे पावसाचे दान. पहाटेपर्यंत चर इतका खोल झाला होता की ब्रिटिश तोफांचे गोळे त्यात बसलेल्यांना लागेनात.

९ ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या. १० च्या रात्री फ्रेंचांनी भट्टीत लालबुंद तापवलेले गोळे टाकून नदीतले ४४ तोफांचे ‘शॅरॉन’ जहाज पेटवले. असा गोळा टाकताना दारू आणि गोळा यांच्यात ओला डाट ठोकावा लागतो. तो सुका राहिला की आपलीच तोफ आपल्यावर उलटते. ११ च्या रात्री दुसरा चर, निम्म्या अंतरावर. पण तो नदीपर्यंत नेता येईना, कारण वाटेत ९ आणि १० क्रमांकाचे दोन बुरूज होते. १४ च्या रात्री प्रत्येकी सुमारे ४०० माणसे गेली, फ्रेंच ९ वर आणि हॅमिल्टनच्या हाताखालचे अमेरिकन १० वर. बंदुका रिकाम्या, नुसत्या संगिनी, म्हणजे घाईत कोणाची गोळी सुटून गाफीलपणा मोडायला नको. फ्रेंच शिस्तीत कुऱ्हाडवाल्यांनी टोकदार फांद्यांचे कुंपण तोडेपर्यंत थांबले आणि त्यांची माणसे जास्त पडली. अमेरिकन तोफगोळ्यांनी पडलेल्या भगदाडांतून घुसले आणि दहा मिनिटांत आत.

कॉर्नवॉलिसची स्वतःची चूक मात्र आधीची. सप्टेंबरच्या अखेरीस क्लिंटनचे पत्र आले की ५ ऑक्टोबरच्या सुमारास मदत निघते आहे. त्या भरवशावर त्याने बाहेरची मोर्चेबंदी रातोरात सोडून दिली. जी जागा घ्यायला शत्रूला कदाचित आठवडा लागला असता ती फुकट मिळाली. चाऱ्याअभावी त्याने घोडे मारले. देवी पसरली, तेव्हा स्वातंत्र्याच्या आशेने आश्रयाला आलेल्या काळ्या गुलामांना छावणीबाहेर हाकलले. त्यांतले कित्येक दोन्ही सैन्यांच्या मधल्या जंगलात मेले. वेढ्याच्या वर्णनांत ही गोष्ट ओझरती येते, यायला नको तशी. १६ च्या रात्री नदी ओलांडून ग्लॉस्टरकडे पळायचा प्रयत्न वादळी वाऱ्याने उधळला. १७ ला पांढरे फडके दिसले. तेव्हा त्याच्याकडे एकाही मोठ्या तोफेला दारूगोळा उरला नव्हता, छोट्या उखळी तोफांचे शंभरेक गोळे तेवढे होते. १९ ला शरणागती झाली. त्याच दिवशी न्यू यॉर्कहून मदतीचे आरमार निघाले. ते २४ ला पोचले.

प्रश्न : आमच्या राज्यात दर नाताळला डेलावेअर नदी ओलांडण्याचा प्रसंग नटून-सजून पुन्हा उभा करतात. तुमच्या यादीत ट्रेंटन नाही?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिसऱ्या जागी आहे आणि ती जागा हक्काची आहे. डिसेंबर १७७६ मध्ये वॉशिंग्टनच्या बहुतेक शिपायांची मुदत ३१ तारखेला संपत होती. हरलेली फौज मुदत संपली की घरी जाते. २५ च्या रात्री २,४०० माणसे आणि १८ तोफा लोखंड वाहणाऱ्या सपाट होड्यांतून पलीकडे नेल्या. बेत मध्यरात्री पार व्हायचा होता. बर्फामुळे तीन वाजले, आणि ठरलेल्या आणखी दोन तुकड्या नदी ओलांडूच शकल्या नाहीत. सकाळी आठला हल्ला झाला, सुमारे ९०० हेसियन (ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले जर्मन शिपाई) कैद. मग शिपायांना दहा डॉलर बक्षीस देऊन सहा आठवडे थांबवले. हरली असती तर युद्ध तिथेच संपले असते. जिंकल्याने ते फक्त चालू राहिले. म्हणून तिसरी.

प्रश्न : त्याच काळात आपले पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. वडगावने अमेरिकेला मदत झाली का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थेट नाही. मुंबईकर इंग्रजांची वडगावला जानेवारी १७७९ मध्ये नाचक्की झाली, पण ती कंपनीची फौज होती, ती अमेरिकेत जाणारच नव्हती. दुवा आहे तो फ्रान्समार्गे. सेंट लुबिन हा फ्रेंच १७७७ मध्ये पुण्यात नाना फडणीसांच्या दरबारी आला, तेव्हापासून कलकत्त्याला धास्ती होती. फ्रान्स उघड उतरल्यावर ब्रिटिशांनी पाँडिचेरी आणि माहे घेतले, माहेवरून हैदरअली चवताळला आणि ब्रिटिश आरमाराला इंग्लिश खाडी, वेस्ट इंडीज, जिब्राल्टर आणि मद्रास अशा चार ठिकाणी जहाजे वाटावी लागली. ग्रेव्ह्जकडे १९ च का होती, याच्या उत्तराचा एक छोटा तुकडा इथे आहे, त्याहून मोठा नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचे नाव मात्र ‘हैदर अली’ होते आणि एप्रिल १७८२ मध्ये त्याने एक ब्रिटिश जहाज पकडले.

कॉर्नवॉलिसचा उत्तरार्ध आपल्याकडचाच. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या सोबतीने श्रीरंगपट्टणला टिपूला वाकवले, १८०५ मध्ये पुन्हा आला आणि गाझीपूरला वारला. मुंबईत राणीच्या बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे.

प्रश्न : व्हर्जिनियाला जाणे होणार आहे. काय पाहावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : यॉर्कटाउनचे रणक्षेत्र अर्ध्या दिवसात होते. तिथे दिसणारे शहराभोवतीचे उंच मातीचे तट १७८१ चे जसेच्या तसे नाहीत. १८६२ च्या यादवी युद्धात त्यांवर भर घातली गेली. वॉशिंग्टनने आपले चर वेढा संपताच बुजवायला लावले होते, आज दिसतात ते उत्खननानंतर पुन्हा उभारलेले. १० क्रमांकाच्या बुरुजाचा मोठा भाग नदीने खाल्ला आहे, उरलेला आधी पाहून घ्या. चेसापीकच्या लढाईची जागा समुद्रात असल्याने केप हेन्रीवर दे ग्रासचे स्मारक आहे तिथूनच पाहावी लागते. ते लष्करी तळाच्या आत आहे, परदेशी नागरिकांना आत सोडण्याचे नियम वेगळे असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.